वाचकांचे प्रश्न : सत्तरीनंतरची शुगर आणि ताटातलं जेवण

मागच्या अंकात वयस्कर माणसांच्या शुगरवर थोडंसं लिहिलं होतं, तर या महिन्यात सगळी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज त्याच विषयावर आलेत, आणि त्यातले निम्म्याहून जास्त मुलांचे, मुलींचे, सुनांचे. घरोघरी कुणीतरी आईबाबांच्या ताटाकडे लक्ष देऊन आहे हे बघून खरंच बरं वाटलं. पण जवळपास प्रत्येकाने एकच विचारलंय, "अजून काय बंद करू?" काय खायला घालू हे विचारणारे फारच थोडे. आणि मला काळजी वाटते ती याचीच, कारण गेल्या वीस वर्षांत शुगर वाढली म्हणून घाबरून माझ्याकडे आलेली म्हातारी माणसं भरपूर बघितलीत, पण घरच्यांनी प्रेमापोटी अर्धपोटी ठेवल्यामुळे खंगलेली माणसंही तेवढीच बघितलीत. म्हणून यावेळी सगळी जागा याच प्रश्नांना देतेय. पहिल्या पत्रातल्या ताईंना मी वाचल्या वाचल्या फोन केला, तरी ते इथे छापतेय, कारण असं घर एकच नसणार.

प्रश्न : माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत, शुगर पंधरा-सोळा वर्षं आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या वेळी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७.८ आलं म्हणून आम्ही भात, बटाटा, केळं, दूध सगळं बंद केलं आणि रात्री फक्त भाज्यांचं सूप देतो. पाच महिन्यांत वजन ६ किलो उतरलं, आता ५८ आहे. शुगर खाली येतेय पण हल्ली पहाटे त्यांना खूप घाम येतो, बनियन भिजतो, आणि काहीतरी असंबद्ध बोलतात, सकाळी विचारलं तर आठवत नाही. वयामुळे असेल का? आणि ६.५ वर आणायला अजून काय बंद करायचं? — एक सून, चिंचवड

उत्तर : ताई, आता काहीही बंद करायचं नाही, आणि आज रात्रीपासून त्यांना सुपासोबत पोटभर जेवण द्या. पहाटेचा तो घाम आणि बरळणं हे वयाचं नसून शुगर खाली जाण्याचं असण्याची दाट शक्यता आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी काय करते, तर माणूस जेवलाय की नाही हे न बघता स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. जेवण झालेलं असेल तर ठीक, पण रात्री नुसतं पाण्यासारखं सूप पोटात असेल तर ते इन्शुलिन रक्तातली असलेली नसलेली साखर खेचून घेतं. त्यात या वयात किडनी मंद झालेली असते, गोळीचा अंमल लांबत जातो आणि पहाटे तीन-चारला माणूस घामाघूम होतो. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही, जोडीच्या दुसऱ्या गोळीने होतं.

७० च्या खाली गेली की ती कमी शुगर धरायची, आणि ५४ च्या खाली म्हणजे धोक्याची. तरुण माणसाला अशा वेळी हात थरथरतात, धडधडतं, कडकडून भूक लागते, त्याचं त्याला कळतं. म्हाताऱ्या माणसात ही लक्षणं पुसट होतात, बीपीसाठी काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर धडधड आणि थरथर जाणवतच नाही, मग दिसतो तो फक्त घाम, गोंधळ, चिडचिड, जीभ अडखळणं. घरचे समजतात विसराळूपणा वाढला, कधी कधी तर अर्धांगाचा झटका समजून पळापळ होते. त्यामुळे असं काही दिसलं की पहिलं काम, बोटाला टोचून शुगर बघायची. मशीन हाताशी नसेल तर कमी आहे असंच धरून चालायचं.

कमी निघाली तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या ग्लास पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच, आणि वर आली की लगेच काहीतरी खायला द्यायचं, दूध-पोळी, भाकरी-वरण, जे असेल ते. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज असं नाव असेल तर घरातली साखर पटकन लागू पडत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचं काम अडवते, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. म्हणून ग्लुकोजचा पुडा आणून त्यांच्या उशाशी ठेवा, कपाटात वर नको, रात्री सापडत नाही. माणूस शुद्धीत नसेल, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ ला फोन.

डॉक्टरांना मात्र आजच कळवा, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. दोन-तीन रात्री पहाटे ३ ची शुगर मोजून लिहून ठेवा, तो कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि गोळी कमी करायची का, बदलायची का, ते त्यांनाच ठरवू द्या. आपल्या मनाने गोळी अर्धी करू नका.

आता ते ६.५. हा आकडा तुमच्या-माझ्या वयाला ठीक आहे. धडधाकट वयस्कर माणसाला ७ ते ७.५ च्या आत असलं तरी चांगलं मानतात, आणि ज्यांना इतर दुखणी आहेत, अशक्तपणा आहे त्यांना ८ पर्यंतही डॉक्टर समाधानी असतात, कारण या वयात शुगर खाली जाऊन पडणं, खुबा मोडणं हे थोड्या वाढलेल्या शुगरपेक्षा कितीतरी महागात पडतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांचं ७.८ हे घाबरून सगळं बंद करण्यासारखं नव्हतंच.

आणि ते ६ किलो. या वयात इतकं वजन असं उतरतं तेव्हा त्यात नुसती चरबी जात नाही, मांड्यांचं, दंडांचं मांस जातं. खुर्चीवरून उठताना ते हातांनी रेटा देतात का बघा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सगळ्यात जास्त कोण वापरतं, तर हेच स्नायू, म्हणजे मांस गेलं की शुगर सांभाळणाराच घरातून गेला. ते परत आणायला प्रोटीन लागतं, वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे त्यांना साधारण ६० ग्रॅम. ऐकायला खूप वाटतं पण बघा, सकाळी दोन अंडी म्हणजे १२, दुपारी वाटीभर उसळीतून ७-८, दह्यातून ५, संध्याकाळी मूठभर फुटाण्यातून ६, रात्री घट्ट वरणातून ७, झोपताना कपभर दुधातून ६-७, आणि दोन वेळच्या भाकरीतून १०, म्हणजे ५३-५५ तर इथेच झाले, उरलेलं भात-भाजीतून येतं. अंडी खात नसतील तर पनीर, मुगाचं धिरडं. फक्त क्रिएटिनिन वाढलेलं असेल, किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती हे आधी डॉक्टरांना विचारायचं, ते विसरू नका.

भात पण द्या हो. एक छोटी वाटी, वरण त्याच्या दुप्पट, आधी भाजी-कोशिंबीर-उसळ खाऊ दे आणि भात शेवटी. जेवणात भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की तोच भात शुगर कमी वाढवतो, हे नीट तपासून बघितलेलं आहे, आणि याला काही खर्चही नाही.

प्रश्न : वय ७१, शुगर ९ वर्षं. संकष्टी आणि एकादशी लग्न झाल्यापासून करते, आता मुलगी म्हणते बंद कर. मला ते जमणार नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत फक्त चहा घेते, सकाळची गोळी घेते. चालेल का? — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, उपास सोडा असं मी म्हणणार नाही, पण सकाळची गोळी घेऊन रात्री नऊपर्यंत नुसत्या चहावर राहणं हे चालणार नाही. का ते माझ्या आईचं सांगते.

आई तेव्हा ६८ ची होती, अशीच गोळी सकाळी चालू, अशीच संकष्टी. पावसाळ्याचे दिवस, मी माहेरी गेलेले. रात्री साडेआठच्या सुमाराला ती ओट्याशी मोदकांची उकड मळत होती. मी दारात उभी राहून तिच्याशी बोलतेय तर ती हूं का चूं करेना, मला वाटलं दमली असेल. मग लक्षात आलं की मघापासून ती तोच एक गोळा मळतेय, पारी काही करत नाहीये, तेलाचं बोट लावते, गोळा फिरवते, परत तेल लावते. पाठीला हात लावला तर ब्लाउज ओलाचिंब. मशीन लावलं, ४८. मी स्वतः आहारतज्ज्ञ, आणि दिवसभर माझ्यासमोर ती उपाशी होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून हातात ग्लास दिला, तो तिला धरताही येईना, मी धरला. वीसेक मिनिटांनी तिने मला पहिलं काय विचारलं असेल तर, "चंद्र दिसला का गं?" त्या रात्री मी देवघरापुढे बसून खूप रडले.

डॉक्टरांनी तिला उपासाचं कधी विचारलं नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नव्हतं, आपल्याकडे उपास म्हणजे डॉक्टरला सांगायची गोष्ट वाटतच नाही. तर तुम्ही पंचांग बघून महिन्याचे उपासाचे दिवस एका कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे न्या, त्या दिवशी कुठली गोळी किती आणि केव्हा हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या. आणि दिवसभरात दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे. ताक, वाटीभर दही, मूठभर भाजलेले दाणे, पेरू, राजगिऱ्याच्या पिठाचं काकडी किंवा लाल भोपळा किसून घातलेलं थालीपीठ. एकच वेळ फराळ करायचा असेल तर छोटी वाटी वरीचा भात आणि वर दाण्याची आमटी, पण वरीनेही शुगर वाढते, उपासाची आहे म्हणून दोन ताटल्या नकोत.

साबुदाणा मात्र तुम्हाला नको. तो जवळपास निव्वळ पिठूळ स्टार्च, प्रोटीन नाही, फायबर नाही, त्यात बटाटा पडतो, मग सकाळी ६८ असलेली शुगर फराळानंतर २८० वर जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते शुगरवाल्याला दोन्हीकडून भोवतं, दिवसभर खाली आणि खाल्ल्यावर एकदम वर. माझी आई त्यानंतरही अकरा वर्षं संकष्टी करत होती, दाणे-ताक-फळ घेऊन आणि दुपारी एकदा शुगर मोजून. शुगर ७० च्या खाली दिसली की तिथेच उपास सोडायचा आणि देवाला हात जोडायचे, असं तिने आणि मी ठरवून घेतलं होतं. दोनदा सोडावा लागला, तिने मुकाट्याने सोडला.

प्रश्न : मी रात्री ७ ला कपभर दूध पिऊन झोपतो, जेवत नाही. तरी सकाळची फास्टिंग १६०-१६५ येते आणि दुपारी जेवणाआधी १३०. न खाता वाढते आणि खाऊन कमी, हे कसं? मशीन बिघडलंय का? वय ७४. — एक काका, नाशिक

उत्तर : काका, मशीन बहुतेक बरोबर आहे. आपलं लिव्हर हे साखरेचं कोठार आहे, आपण खाल्लं नाही की ते रात्रभर स्वतःजवळची साखर थोडी थोडी रक्तात सोडत राहतं, आणि पहाटे जाग यायच्या आधी शरीरात काही हार्मोन वाढतात ते लिव्हरला अजून सोडायला सांगतात. शुगर नसलेल्या माणसात त्याला आवरायला पुरेसं इन्शुलिन असतं, शुगरवाल्यात ते कमी पडतं. त्यामुळे रात्रीचं जेवण बंद करून सकाळचा आकडा खाली येईलच असं नाही, उलट तुमचं एक जेवण आणि त्यातलं प्रोटीन मात्र बुडतं.

साडेसात-आठला व्यवस्थित जेवा, एक भाकरी, पालेभाजी, वाटीभर उसळ किंवा पिठलं, आणि मग घरातल्या घरात दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारा, लांब जायला नको, गॅलरी ते दिवाणखाना असं चाललं तरी पुरतं. पंधरा दिवस असं करून आकडे लिहा. तरीही फास्टिंग तेवढीच राहिली तर तो जेवणाचा दोष नाही, गोळीची वेळ किंवा प्रकार बदलायचा प्रश्न आहे. आणि हो, सकाळचा चहा मोजल्यानंतर, आधी नाही.

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्याचे. बाबा ७६, आयुष्यभर सकाळी पेज आणि दोन वेळा भात-मासे. आता डॉक्टर म्हणाले भात कमी करा, गव्हाची पोळी खा. बाबा पोळी चघळत बसतात आणि अर्धी टाकतात. उकडा तांदूळ चालतो का? — एक मुलगा, वेंगुर्ला

उत्तर : तुमचे बाबा पोळी टाकतात याचं मला जराही नवल वाटत नाही, शहात्तर वर्षांच्या जिभेला एकदम गहू कसा पटेल. आणि पोळीने शुगर वाढत नाही हा एक मोठा गैरसमज आहे. दोन पोळ्यांत जवळपास एक वाटी भाताइतकेच कार्ब (म्हणजे शुगर वाढवणारे साखर-स्टार्च) असतात. भातात अडचण होते ती मापाची, भात ताटात ढीगभर मावतो आणि कढीबरोबर न चावता खाली उतरतो. तर डॉक्टरांचं "कमी करा" हे बरोबर आहे, ते पाळा, पण भात ठेवून पाळा. एक वाटी ठरवा, घरातली नेहमीची आमटीची वाटी, एका जेवणाला ती सपाट भरून एकदा, परत नाही. उकडा तांदूळ पांढऱ्यापेक्षा थोडा बरा, पण मापाला सुटका नाही. तांदूळ जास्त पाण्यात शिजवून पाणी ओतून टाकलं की साखर निघून जाते असं सांगतात, त्यात थोडंसं जातं, बाकी सगळा स्टार्च दाण्यातच राहतो, त्यावर विसंबून जास्त वाढू नका.

पेजेचं जरा वेगळं आहे. जितकी जास्त शिजवून पातळ कराल तितकी ती लवकर पचते आणि शुगर भरकन चढते, शिवाय सोबत लोणचं नाहीतर भाजलेला पापड, म्हणजे प्रोटीन काहीच नाही. पेज आठवड्यातून दोन-तीन दिवस ठेवा, दाणा जरा शिल्लक राहील अशी, आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा मुगागाठी. बाकी दिवशी न्याहारीला घावन करा पण पिठात उडीद किंवा मूगडाळ वाटून घाला.

आणि तुमच्याकडे कुळीथ आहे ना! शंभर ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. रात्री कुळथाची पिठी घट्टसर करायची, दोन वाट्या पिठी आणि वाटीभर भात, असं उलटं प्रमाण. कोकणातल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा त्यांचे चेहरे खुलतात, कारण पथ्य म्हणून कुणी पिठी सांगेल असं त्यांना वाटलेलं नसतं. मासे तर द्याच, बांगडा, तारली, जो स्वस्त असेल तो, रव्यात घोळून तळण्यापेक्षा तिकल्यातला नाहीतर तव्यावर कमी तेलात. आधी मासा आणि भाजी संपवायला सांगा, मग भात.

प्रश्न : आजी ८४, दात नाहीत, कवळी टोचते म्हणून डबीत ठेवते. दूध-पोळी कुस्करून, मऊ भात, चहात बुडवून बिस्किटं एवढंच खाते. जेवणानंतरची शुगर २७०-२८०. काही खायला सांगितलं तर "चावत नाही" म्हणते. — एक नातू, डोंबिवली

उत्तर : सगळ्यात आधी आजीला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन जा, कारण वयाने हिरडी झिजते आणि जुनी कवळी सैल होऊन घासते, ती नीट बसवून मिळते किंवा नवी करता येते. शुगरच्या फाईलमध्ये कवळीचा विषय कुणी काढत नाही, पण आजीची अर्धी शुगर त्या डबीत आहे असं मला तुमचं पत्र वाचून वाटलं. चावता येत नाही म्हणून मऊ, आणि मऊ म्हणजे आपल्याकडे भात, पोळी, बिस्कीट, मैदा. चहाबरोबर चार मारी बिस्किटं म्हणजे छोट्या फुलक्याइतके कार्ब, दिवसातून तीनदा चहा असेल तर बघा. डायबेटीसवाल्यांची म्हणून मिळतात ती बिस्किटंसुद्धा पिठाचीच असतात, साखर नाही एवढंच.

मऊ पण शुगर न उडवणारं असं खूप काही आहे. मुगाची खिचडी, पण तांदूळ एक वाटी डाळ दोन वाट्या, त्यात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेला पालक शिजवून. अंडं चालत असेल तर मऊसूत बुर्जी. ताजं पनीर बोटांनी कुस्करून, वर जिरेपूड-मीठ. दह्यातलं भरीत, वांग्याचं नाहीतर लाल भोपळ्याचं. मऊ शिजवून घोटलेली मटकीची उसळ. ज्वारीची भाकरी घट्ट वरणात कुस्करून दहा मिनिटं भिजू द्यायची, ती आजीला नक्की जमेल, नुसत्या दुधात कुस्करण्यापेक्षा हे बरं. चहासोबत बिस्किटाऐवजी फुटाण्याचं पीठ, म्हणजे साल काढून मिक्सरला फिरवलेले फुटाणे, चमच्याने खाता येतं, किंवा ताकात कालवून.

२७०-२८० रोज येत असेल तर डॉक्टरांना सांगा, ते नुसत्या जेवणाने होणार नाही. रात्री चार-पाचदा लघवीला उठते का, जळजळ होते का तेही विचारा, इन्फेक्शन असलं तरी शुगर चढते. आणि पाणी. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही आणि लघवीला उठायला नको म्हणून ती पाणीच पीत नाहीत. दिवसा तांब्या भरून समोर ठेवा आणि संध्याकाळपर्यंत संपला का बघा.

प्रश्न : मी ४९ किलोची, वय ६७, कधीच जाड नव्हते तरी शुगर निघाली. सगळे म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, शुगर पळून जाईल. करू का? — एक काकू, कराड

उत्तर : तुमच्या वजनाच्या माणसाने तरी नको. आपल्याकडे बारीक माणसाला शुगर असणं अगदी नेहमीचं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी एकच, पण त्या ब्रिटिश डॉक्टरांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी जास्त आणि मांस कमी, अशी आपली ठेवण. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात देशात १० कोटींवर लोकांना डायबेटीस असल्याचं निघालं, त्यात तुमच्यासारखे सडपातळही खूप असणार.

तुम्हाला वजन घटवायचं नाही, मांस वाढवायचंय. तीन वेळा जेवा, प्रत्येक वेळी ताटात डाळ-उसळ-दही-अंडं यातलं काहीतरी हवंच, आणि रोज खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठ-बस करा, सकाळ-संध्याकाळ. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासा, पायाला मुंग्या येत असतील तर लगेच. आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या, रक्त कमी असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येतो.

गूळ, मध, खजूर, खपली गहू, कारल्याचा रस, मेथ्या, यावर अकरा जणांनी विचारलंय, त्यांना एकत्रच सांगते. गूळ आणि मध म्हणजे साखरच, रंग वेगळा. खजूरही गोडच, शुगर कमी झाली तर कामाचा. खपली चवीला छान, थोडं फायबर जास्त, पण पोळ्या मोजूनच. मेथ्या भिजवून चमचाभर खायला हरकत नाही, त्याने गोळी सुटत नाही. कारल्याची भाजी खा, रस पिऊन गोळी बंद करू नका, आणि गोळीसोबत रोज रस घेत असाल तर डॉक्टरांना माहीत असू दे. दुधीच्या रसाबद्दल मात्र कळकळीने सांगते, रस करायच्या आधी दुधीचा तुकडा जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर तो दुधी फेकून द्या, कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत. माझ्या मते रस करूच नका, भाजी करा.

प्रश्न : आईची शुगर गेले वर्षभर चांगली आहे. परवा पाडाच्या हापूसची पेटी आली, तिने आम्हाला फोडी करून दिल्या, स्वतः अर्धा आंबा खाल्ला आणि दोन तासांनी मोजली तर ३९२! आम्ही पेटी शेजारी देऊन टाकली. ती तेव्हापासून गप्प आहे. आंबा कायमचा बंद का? — एक मुलगी, ठाणे

उत्तर : अर्ध्या आंब्याने ३९२ होणं मला पटत नाही. मध्यम हापूसमध्ये जेवढे कार्ब असतात तेवढे साधारण एका पोळीत असतात, अर्ध्यात त्याच्या निम्मे. मला वाटतं आईने त्याआधी परत कुणाला तरी आंबा कापून दिला आणि बोटं नुसती पदराला पुसली. फळाचा रस बोटाला लागलेला असला की तो रक्ताच्या थेंबात मिसळतो आणि मशीन त्याची पण साखर मोजतं. स्पिरिटच्या बोळ्यानेही तो पुरता जात नाही, साबण लावून पाण्याने हात धुवून, कोरडे करून मगच टोचायचं. माझ्याकडे दर मे महिन्यात अशी एक-दोन घाबरलेली घरं येतात, हात धुवून परत मोजलं की १५० च्या आसपास निघते.

तर एक आंबा परत आणा. आमरस नको, फोडी, अर्धा आंबा, सकाळी अकराला किंवा चारच्या सुमाराला, जेवणावर नको, आणि त्या दिवशी जेवणात अर्धी पोळी कमी. दोन तासांनी स्वच्छ हात धुवून मोजा आणि आकडा मला कळवा. आईला सांगा फोडी तिनेच करायच्या.